नाडी मोजता मोजता सोयरीक

ब्राह्मणपुरी, पौष महिना, १९६२

ट टक् टक्, ट टक् टक्. परममित्र छगनभाऊ, हा आवाज ओळखलास तर तुझे कान अजून शाबूत आहेत असं समजतो. शाळेत गुरुजी मेजावर पट्टी आपटून भुजंगप्रयात शिकवत आणि आपण पुढेमागे डोलत म्हणत असू. तू, वहिनी आणि मुलंबाळं नंदुरबारात खुशाल असाल. गुडघ्याला एरंडेल चोळतोस ना? इकडे केळी, कापूस, म्हैस सगळं ठीक. मी मात्र (हे तुझ्याजवळच ठेव) वृत्तात राहिलेलो नाही.

दिवाळीनंतर छातीत फडफड सुरू झाली, कोंडलेल्या पारव्यासारखी. शहाद्याच्या तरुण डॉक्टरने नळी लावली, मनगट धरलं आणि सांगितलं की हृदय मध्येच एक ठोका गाळतं, मग दोन घाईघाईने देतं. मी म्हटलं, म्हणजे यतिभंग. तो म्हणाला, आजोबा, गोळी घ्या आणि चाला. मी खाट धरायच्या तयारीने गेलो होतो. तर म्हणे, सपाट वाट, बोलता येईल इतकाच वेग, पळायचं नाही, जड उचलायचं नाही, अर्ध्या वाटेत थांबून नाडी मोजायची, अंधारी आली तर खाली बसायचं. (शेजारच्या दोधू पहिलवानाने शंभर बैठका सुचवल्या होत्या. ते ऐकून डॉक्टरचाच ठोका चुकला.)

आता आपल्याकडे रिकाम्या हाताने, बिनकामाचा कोण चालतो, सांग. पहिल्याच दिवशी सात जणांनी विचारलं, "काय हारपनं, आबा?" खरं सांगायची सोय नाही. आपली नात रंजना यंदा मॅट्रिकला बसतेय, आणि आमच्या सौ. तापीबाईने घरात बजावून ठेवलंय, "पोरनं लगन व्हवानं शे. काळीजनं कोनले सांगानं नई." आजाराचं घर म्हणून उद्या स्थळं फिरतील, हा धाक. तिनेच मग हातात लोटा दिला. लोटा दिसला की पहाटे कोणी काही विचारत नाही. पण लोटा घेऊन मी पाऊण कोस चालतो, सगळी शेतं ओलांडून, हे लोकांनी पाहिलं आणि घरी जुलाबावरचे बेलफळाचे मुरंबे येऊ लागले.

म्हणून लोटा टाकला आणि चारचौघांसारखा निघालो: धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी, छत्री. छगनभाऊ, इथेच घसरलो. माझी अर्धी वाट नेमकी तुझ्या भाच्याच्या, चुनीलालच्या घरासमोरच्या निंबापाशी भरते. तिथे मी थांबतो, कोटाखाली बोटं मनगटावर, नजर समोर, ओठ हलतात (ठोके मोजतो, मध्येच एखादा श्लोक घुसतो). कोट घातलेला नातीचा आजा रोज येऊन घराकडे बघत काही मोजतो म्हटल्यावर चुनीलालने काय समजावं? चौथ्या दिवशी बैलांची शिंगं रंगलेली. पाचव्या दिवशी त्याचा मुलगा नवा सदरा घालून ओट्यावर. सहाव्या दिवशी मला हाताला धरून आत नेलं, पुढ्यात शिरा. आणि मी तो खाल्ला. स्थळ बघायला आलेल्याने त्या घरचं गोड खाल्लं की मन वळलं असं धरतात, हे मला माहीत नाही का? पण चालून भूक लागली होती, आणि त्यात बेदाणे होते.

आता चुनीलाल येत्या रविवारी नारळ घेऊन येणार म्हणतात. असं घर चालून आलं तर माझा मुलगा एका दिवसात हो म्हणेल, आणि रंजनाची परीक्षा दोन महिन्यांवर. पोरीला मी शब्द दिलाय की मॅट्रिकआधी या घरात नारळ फुटणार नाही. नको म्हणावं तर शिरा आडवा येतो, खरं सांगावं तर काळीज. चार दिवस घरातच आहे. बसून राहिलो की फडफड वाढते, उठून अंगणात फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. हे पत्र पाच बैठकांत लिहिलंय.

तुझा,
मगन

ता. क. तू मामा आहेस, तुझा शब्द तिथे चालतो. चुनीलालला कळव की मगन केळीची लागवड बघायला येत होता.

ता. क. २. किंवा तसं नको कळवू. पोरगा ओट्यावर मोठ्याने कविता वाचत होता, आणि चाल अगदी बरोबर होती. फक्त जूनपर्यंत थांबव.

ता. क. ३. दारात कोणी आलंय. तुझी थोरली बहीण, चुनीलालची आई गजराबाई! एकटी, पायी, सोबत ना चुनीलाल ना नारळ. ओट्यावर टेकली, राम राम नाही की पाणी नाही, आपलीच दोन बोटं आपल्या मनगटावर ठेवून मिनिटभर ओठ हलवत बसली. मग म्हणाली, "आख्खं गाव म्हनस, तुम्ही पोऱ्या देखाले येतस. मी म्हनं, हाऊ बाबा नाडी मोजी ऱ्हायना. माले बी त्याच डाक्टरनी चालाले सांगेल शे, पन पोऱ्यानं लगन ऱ्हायनं म्हनीसन घरनास्नी लपाडी ठेयेल शे. सोयरीकनी माले घाई नई. सकाय कितला वाजता निंघतस?"