माझ्याशिवाय न चालणारा प्रोग्रॅम

सोमवार, २ ऑक्टोबर २०२३. सकाळी ६.४०. चहा पितो आहे, बूट पुसून झाले.

आज आमच्या कॉफी सोसायटीत माझा वजनाचा प्रोग्रॅम बसवणार. काट्यावर कॉफीच्या ताज्या फळांचं पोतं ठेवलं की वजन थेट कॉम्प्युटरात, आणि शेतकऱ्याच्या हातात छापील पावती. सगळा सी भाषेत, मी एकट्याने लिहिलेला. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षात सोडलं, कारण पुढचं शिकवायची तिथल्या मास्तरांची कुवत नव्हती.

काट्याशी बोलणारा भाग वेगळ्या फाइलीत ठेवला आहे; तिला लायब्ररी म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना आधी ती शोधतो. कुठे शोधायची तो पत्ता मी लिंक करतानाच, म्हणजे तुकडे जोडतानाच, त्याच्या पोटात कोरून टाकला. पूर्ण पत्ता, पहिल्या तिरक्या रेषेपासून. स्पेलिंग तीनदा तपासलं. काम सगळं फ्लॅशवर, म्हणजे पेन ड्राइव्हवर करतो, कारण घरच्या लॅपटॉपवर बहीण सिनेमे बघते. फ्लॅश दोरीत ओवून गळ्यात असतो.

मामेभाऊ मागोमू राजधानीत, कंपालात नोकरीला आहे, म्हणून स्वतःला फार शहाणा समजतो. फोनवर म्हणाला, पूर्ण पत्ता नको लिहूस, 'प्रोग्रॅमच्या शेजारीच बघ' असं लिही आणि लायब्ररी शेजारी ठेव. शेजारी हा काय पत्ता झाला? ज्यांना स्वतःचं घर सापडत नाही ते असं बोलतात.

सोमवार, संध्याकाळ.

एक्केचाळीस पोती, एकही चूक नाही. कॉम्प्युटरवर वापरकर्ता म्हणून माझंच नाव घातलं: वाटुवा. घरच्या लॅपटॉपवर आहे तसंच. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

नागुडी मावशी बावीस वर्षं इथे वजनं लिहिते, निळ्या वहीत. आजही शेजारी बसून लिहीत होती. म्हटलं, ती वही आता कपाटाच्या पायाखाली लावा. म्हणाली, कपाट डुगडुगत नाही. आणि लिहीत राहिली.

मंगळवार, ३ ऑक्टोबर.

दुपारी चपाती-अंडं खायला बस पार्कात गेलो. इकडे वीज गेली, आली, आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. मी परतलो. आल्याबरोबर फ्लॅश लावून तोवरच्या वजनांची नक्कल घेतो, ती माझी शिस्त आहे. ती घेतली, क्लिक केलं. पहिल्या क्लिकला सुरू.

काही माणसांच्या बोटांत यंत्राबद्दल आदर नसतो.

गुरुवार, ५ ऑक्टोबर.

बोडाचं, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलचं, चाक पंक्चर. एक तास उशीर. फाटकाबाहेर तीस माणसं, पोत्यांतून रस गळतोय. पडद्यावर संदेश: लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल नाही. नागुडीने तो अक्षर न चुकता वहीत उतरवला होता. मी फ्लॅश लावला, पाहिलं, फाइल जागच्या जागी आहे. म्हणजे कॉम्प्युटर तिच्याशी खोटं बोलतो आणि माझ्याशी नाही.

डोंगरावरून गाढवं घेऊन आलेला म्हातारा कुलोबा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे पोरा, याचं तुझ्याशी लग्न लागलंय का? तू बाहेर पडलास की तोंड फिरवून बसतंय."

लोक हसले. अडाणी लोक.

भिंतीवर नियम चिकटवले. एक: हलक्या हाताने क्लिक करावे. दोन: तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही. तारीख, वेळ आणि तेव्हा आपण काय करत होता, हे लिहून द्यावे.

सोमवार, ९ ऑक्टोबर. देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी.

नागुडीने सात लेखी तक्रारी दिल्या आहेत. तारीख आहे, वेळ आहे. प्रत्येकीची शेवटची ओळ एकच: 'वाटुवा नव्हता.' दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून परत करणार.

संकल्प: चिडायचं नाही. या लोकांना समजून घ्यायचं. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे.

बुधवार, ११ ऑक्टोबर.

काल संध्याकाळी केस कापायला गेलो होतो. तेवढ्यात वीज गेली, आली, आणि प्रोग्रॅम पुन्हा अडला. नागुडीने रांग वहीवर आणली, पण फार उशिरा, आणि एकोणीस पोती आंबली. ताजं फळ त्याच दिवशी सोललं नाही तर संपलं. त्यातली चार कुलोबाची.

अध्यक्ष गिझांबांनी बोलावलं. शुक्रवारी परीक्षा. पास झालो तर कायम नोकरी, नाहीतर शनिवारपासून वही. मी शांतपणे मुद्दा मांडला: प्रोग्रॅम माझ्याशिवाय चालत नाही, म्हणजे मला कायम करणं भागच आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलेलं दिसलं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर.

अध्यक्षांनी मला बाहेर ॲव्होकाडोच्या झाडाखाली उभं केलं. आत नागुडीने क्लिक केलं. सुरू झालं नाही. मला बोलावलं. नक्कल घेतली, क्लिक केलं. सुरू. म्हटलं, झालं ना सिद्ध?

नागुडी म्हणाली, अजून एकदा. याने बाहेर जावं, गळ्यातलं इथे ठेवून.

मी हसलो. फ्लॅश काढून दिला. झाडाखालून खिडकी दिसते. तिने फ्लॅश लावला आणि त्याच जाड बोटाने क्लिक केलं. सुरू झालं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तरी चाललं. असं चारदा. मग तिचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"पोरगा नकोय आपल्याला. दोरी हवीय."

अध्यक्षांनी फ्लॅश पस्तीस हजार शिलिंगला विकत घेतला, प्रोग्रॅमचे ठरलेले पैसेही मोजून दिले. कुलोबाने स्वतः तो तारेने टेबलाला बांधला. नोकरीबद्दल अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, आता काम काय उरलं?

मागोमूला फोन केला नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर.

बरंच झालं. तिथे माझी वाढ खुंटली असती. प्रोग्रॅमची एक प्रत लॅपटॉपवर आहे. नदीपलीकडच्या सोसायटीने मंगळवारी बोलावलं आहे. नवा शर्ट घेतला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर. दुपारी २.१०.

समितीची पाच माणसं. चहा, भुईमूग. लॅपटॉप उघडला, हलक्या हाताने क्लिक केलं.

लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल नाही.

स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. पुन्हा क्लिक केलं. एकाने शेजारच्याला विचारलं, हे बघायला बोलावलंत का?

बाहेर येऊन नागुडी मावशीला फोन लावला. फ्लॅशवरची एक छोटी फाइल पाठवाल का, असं विचारलं. मागे कुणीतरी पोती मोजत होतं, काटा चालू होता. ती म्हणाली, तोंडी ऐकलं जात नाही, भिंतीवर लिहिलंय.

अर्ज लिहितो आहे. मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. पाच माणसांसमोर उभा होतो. हलक्या हाताने क्लिक केलं होतं. फ्लॅश नव्हता.