शेवंतीबायची सावड

गोडदेव, भाईंदर
१८ जानेवारी १९६८

प्रिय रामनाथदादा,

सुलूचा नमस्कार. वहिनी नि मुलं खुशाल असतीलच. इकडे थंडी बरी आहे, मिठागरांवर काम जोरात चाललंय. तू पाठवलेल्या दुर्गाबाई पोचल्या. बाई स्वच्छ, कामाला चोख, हॉस्पिटलात आया होत्या ते लगेच कळतं. पण आज हे पत्र त्यांच्याच हाती देऊन मी त्यांना परत पाठवतेय. रागावू नकोस. आधी वाच.



आपल्या थोरल्या बहिणीचं, शेवंतीबायचं, अर्धं अंग गेल्यापासून आपण काय समजत होतो? शेजारणी दया करतायत, आज ना उद्या कंटाळतील. म्हणून आया, आणि आयाला नाही जमलं तर आश्रम, असं तू ठरवलंस. मीही मान डोलावली. इथे येऊन बघते तर विमलाबाई सकाळी हिचं अंग पुसतेय, मंदा भाकरी-कालवण ठेवतेय, शांती वेणी घालतेय. नि जाताना प्रत्येकजण आपलं पोर हिच्या घरात ठेवून मिठागरावर! वाशांना झोळ्या टांगलेल्या, सगळ्यांच्या दोऱ्या हिच्या चालत्या हाताशी. एखादं रडलं की ही दोरी ओढणार, जड जिभेनं काहीतरी गुणगुणणार. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, दुखणाईत बाईला फुकटची दाई करून ठेवलीय या बायांनी!

दुर्गाबाई आल्या आल्या म्हणाल्या, "पेशंटजवळ पोरं नकोत." झोळ्या सोडल्या गेल्या. बायकांना सांगितलं, आता यायची गरज नाही. त्या पोरं घेऊन गेल्या.

तेव्हापासून बायने अन्नाला तोंड लावलं नाही. दुर्गाबाई घास पुढे करायच्या, ही भिंतीकडे तोंड फिरवायची. मी म्हटलं, होईल सवय.

काल सकाळी उठले तर बाजेवर बाय नाही! अरे, जिला कूस बदलायला माणूस लागतं ती बाजेवर नाही! मोरीत नाही, परसात नाही. दार सताड उघडं. अंगणाच्या धुळीत काहीतरी ओढत नेल्याची खूण, थेट विमलाबाईच्या दारापर्यंत. तिथे पायरीशी बाय पडलेली. कोपर सोलवटलेलं, लुगडं मातीत लडबडलेलं, नि चालता हात विमलाबाईच्या पोराकडे पसरलेला.

"दे त्याला," म्हणत होती. "माजी सावड हाय."

विमलाबाई रडत होती, नि मला बघून कडाडलीच, "आमी हिला भीक घालत व्हतो काय गो? लावनीला मी तुज्या शेतान, तू माज्या शेतान, तशीच ही सावड. ही पोरं सांभालते म्हनून आमी मिठावर जातो. तू तिची सावड मोडलीस!"



खरं सांगू? वर लिहिलंय, झोळ्या सोडल्या गेल्या. दुर्गाबाईंनी हातही लावला नव्हता. मी सोडल्या, बायच्या डोळ्यांदेखत. ती "नको, नको" करत होती, नि मी तिला गप्प बस म्हटलं. आपल्याला न्हाऊ घालून वाढवणाऱ्या बायला, दादा. लाज वाटते रे.

आज झोळ्या परत बांधल्यात. कोपराला हळद लावली. मंदाची भाकरी बायने खाल्ली, वर कालवण मागितलं. आश्रमवाल्यांना नाही म्हणून कळव.

आणखी एक. रविवारी विमलाबाई माहेरी जाणार. बायला उचलून ओटीवर उन्हात बसवायला माणूस नाही. बाय म्हणाली, रामनाथला बोलाव. मी थट्टेनं विचारलं, "त्याची सावड तू कशी फेडणार गं?" तर वाकड्या तोंडानं हसली.

"मी कशाला फेडू? आई मिठावर जायची तवा तो झोळीन व्हता. दोरी कोनाच्या हातान व्हती, इचार त्याला."

विचारलंय. रविवारी ये.

तुझ्याच झोळीत तुझ्यामागून निजलेली,
सुलू