दुसरा बोळा

आंबागड,
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे धान कापून झालं. सकाळी गडावर धुकं बसून असतं. नागपूरला थंडी पडली का? रक्तपेढीत उभ्या उभ्या जेवू नकोस. हे फोनवर सांगत नाही, कारण गोपीचंद जवळच असतो, आणि बापाचं डोकं फिरलं असं तो आताशा सुनेजवळ बोलून राहिला आहे.

तुझी मामी उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून ओसरीवर एक वानरीण येते. दुपारी मी शाळेतल्या कविता म्हणतो, ती समोर बसते. मामी सुपाच्या काठावर बोटानं ताल धरायची ना, तसा ती उंबऱ्यावर धरते. मी ओळ विसरलो की बोट थांबतं. ती पाहत राहते, आणि ओळ आठवते.

म्हणून तुला विचारलं होतं, वानराला आपल्यासारखा रक्तगट असतो काय.

"असते ना मामाजी! पण वानराचा रक्तात नीट दिसत नाही, थुंकीत सापडते. माणसाचाही बहुतेक थुंकीत उतरते. पण काहून विचारता? मामीचा बी गट होता म्हणून?"

मी विषय बदलला. मग गुळपाण्यातले कापसाचे दोन बोळे धाडले, दोन्ही वानरिणीनं चघळलेले असं सांगून. परवा तू फोनवर म्हणालीस, "दोन्ही बी गटाचे. झालं समाधान? बी तर अर्ध्या गावाचा असंल. तेवढ्यानं मामी नाही होत ते."

खरं आहे. पण रश्मी, दुसरा बोळा तिचा नव्हता. माझा होता.

आणि माझा गट ओ. मागल्या वर्षी तूच तपासला होतास.

तू म्हणशील, तिचं उष्टं खाल्लं असेल. खातो. ती अर्धा पेरू ठेवते, मी संपवतो. मामी जन्मभर माझ्या ताटात जेवली, आता माझी पाळी. पण त्या दिवशी पेरू नव्हता, आणि मी चूळ भरून बोळा तोंडात घेतला होता.

हल्ली गडावरून वानरांचा हुप्प आवाज आला की मी कविता अर्ध्यावर सोडून उठतो. कुठं जायचं असतं, ते कळत नाही. पाय मात्र अंगणात आलेले असतात.

पुढच्या सोमवारी गोपीचंद वनखात्याचा पिंजरा आणतो आहे. "बाबा, जनावर हाय ते. दूर जंगलात सोडून देतो, मंग तुम्हीही जेवान नीट." तुझं तो ऐकतो. त्याला थांबव. नाहीच ऐकलं, तर एवढं सांग, ती आत गेल्यावर दार लगेच पाडू नको. मला आत जायला वेळ लागेल, गुडघे दुखतात.

अजून तरी तुझाच,
यादोराव मामा