यादीत नसलेलं नाव

३ जून, लातूर
मेल आला. काम करतो त्या दुकानातच वाचला, मग शब्दकोश घेऊन परत वाचला. अंध माणसांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, परदेशातल्या मंडळींचा. फुकट, खुला. मराठी परिच्छेद आला की मधेच गप्प व्हायचा. ताईला दिसत नाही, तिच्यासाठी मी ते दुरुस्त केलं, पॅकेज करून नेटवर ठेवलं. ते लिहितात, बदला, वाटा, आनंदच आहे. पण बदललेल्या पॅकेजवर आमचं नाव आणि चित्र नको. पंधरा दिवसांत काढा.
मी तर नाव मुद्दाम ठेवलं होतं. करणाऱ्याचं नाव पुसणं म्हणजे चोरी, असं धरून चाललो.

४ जून
दुकानमालक अप्पांना दाखवलं. म्हणाले, "डाळ आपली अन् पोतं दुसऱ्या मिलच्या छापाचं. खडा निघाला तर शिव्या कुणाला?" बरोबर आहे. एवढं कळायला मला अप्पा लागले. मी बारावी नापास.

६ जून
नाव काढायला बसलो. मेनूत, मदतीच्या पानांत, सुरू होताना बोलतो त्या वाक्यात. नवं नाव ठेवलं, 'सोबत'. हदगावला ताईला फोन करून खुशीत सांगितलं. ती मग म्हणाली, "परीक्षेत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत जुनं नाव हाय रे. तुझ्या 'सोबत'ला आत कोण घेणार?"
२१ तारखेला नांदेडला तिची परीक्षा. वयाच्या अटीत ही शेवटची. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

९ जून, नांदेड
परीक्षा केंद्रावर गेलो. साहेब भले आहेत. यादी वरून येते, त्यातलंच चालेल, मूळ प्रोग्रॅम बसवून देतो म्हणाले. तो मराठीत गप्प होतो, असं सांगितलं. "मग बनवणाऱ्यांना सांगा की."

१० जून
सांगितलं. माझी दुरुस्ती मुळातच घ्या, म्हणजे नावाचा प्रश्नच नको. लगेच उत्तर, तेही प्रेमाने. तपासून पुढच्या आवृत्तीत घेऊ. पुढची म्हणजे आपली दिवाळी. निदान एका दिवसापुरतं नाव वापरू द्या, असं परत लिहिलं. स्पेलिंग चारदा तपासलं.

१५ जून
उत्तर नाही. कुणी वाईट वागलेलं नाही, भांडू कुणाशी? ताई मूळ प्रोग्रॅमवर सराव करून राहिली. अर्धा प्रश्न ऐकते, अर्धा अंदाज. म्हणते, जुन्या नावाचंच पॅकेज आण. "धरलं तर म्हणीन, मला कुठं नाव दिसतंय?" स्वतःच हसली. मला हसणं जमलं नाही.

१८ जून
मुदत संपली. जुनं पॅकेज नेटवरून काढलं. पेनड्राइव्हमध्ये आहे. पुसायला गेलो, पुसलं नाही.

२१ जून, नांदेड, केंद्राबाहेर
बाकावर बसून लिहितोय. पेनड्राइव्हमध्ये दोन्ही पॅकेज. प्रोग्रॅम आम्हीच आणलाय म्हटल्यावर साहेबांनी कागद पुढे केला. प्रोग्रॅमचं नाव, खाली आणणाऱ्याची सही. ताईला विचारलं, काय लिहू. म्हणाली, "परीक्षा माझी हाय, पण सही तुझी. तूच ठरव."
'सोबत' लिहिलं. मूळ कुणाचं, काय बदललं, तेही लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, यादी वाचली, परत कागद वाचला. वर विचारतो म्हणून आत गेले.
ताईने विचारलं, काय लिहिलंस. सांगितलं. माझ्या बाहीवरचा हात तिने काढला नाही.
दहाला दार लावतात. दहाला सात कमी. आत फोनवर साहेबांचा आवाज येतोय, 'नाही, यादीत नाही, पण मूळ प्रोग्रॅम यादीतलाच आहे...'