गुलाबावरची लांब पायांची अळी

वैशाख शुद्ध ९, शके १७८६

सतरा झाडं बोडकी! काल पानं होती, आज नुसते काटे. अळी सापडली — असली जन्मात पाहिली नाई. पुढचे पाय मुंगळ्यावानी लांब, बोट लावलं की मान मागं टाकून थरथरते. मैना, माझी बायको, किंचाळून मागं सरली. विंचू हाय म्हणे! तिच्यामागं फुलं तोडणाऱ्या साऱ्या बाया मळ्याबाहेर.

शुद्ध १०

शालिकरामदादा, माझा थोरला भाऊ, आला. कापसाच्या भावानं पागल झाला आहे. पण पागल कोण नाई? अमरावतीत कापसाच्या गाड्यांपायी चालाले जागा नाई. गुलाब उपट, कपाशी लावू म्हणे. मी म्हटलं, बाबानं लावलेली झाडं आहेत, अंबादेवीचा हार इथूनच जाते. "मिरगापर्यंत पानं दाखव. नाई तं मी नांगर घालतो." मळा त्याच्या नावावर. काय बोलू?

शुद्ध १३

कोणीच अळ्या वेचाले तयार नाई. शेवटी मीच एक तळहातावर घेतली. चावली नाई, डसली नाई — नुसतं सोंग! बायांना दाखवली. हसल्या अन् घरी गेल्या. एकटाच वेचून राहिलो.

वद्य २

जितक्या वेचतो तितक्या सकाळी पुन्हा हजर. फांदीवर पतंगाच्या जातीचं एक मातकट पाखरू बसलं होतं, वाळल्या पानासारखं. मारलं. एवढ्या अळ्या एका पाखराच्या?

वद्य ४

आज पाण्याच्या पाटावर बसून रडलो.

वद्य ७

पालवी! तांबूस, बोटभर. दादाले निरोप धाडला.

वद्य ८

पहाटे मळ्यात गेलो तं मैना गुलाबात. ओच्यात चिंचेचे डहाळे, त्यावर त्याच अळ्या. एकेक चिमटीत धरून पालवीवर ठेवून राहिली होती, जरा न बिचकता. विंचू म्हणून पळाली ती हीच!

मी नाई नाई ते बोललो. दादानं काय कबूल केलं, तेबी विचारलं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"कोणी काई देत नाई मले. कापूस दोन-तीन महिने वेचावा लागते, हे गुलाब बारा महिने. पंधरा वर्सं झाली. हे बोट आता वाकत नाई. तुमी कवा पाहिलं?"

नव्हतं पाहिलं. कातडीखाली काट्यांची टोकं काळी पडलेली. हारात एक डागी फूल आलं की मीच ओरडत होतो तिच्यावर. लाज वाटली, लय लाज वाटली.

वद्य ९

दादा आला. पालवी पाहून खूश. राहू दे यंदा तुझे गुलाब, म्हणाला.

मी म्हटलं, "नांगर आण."