देवासच्या डावात घेतलेलं नाव

धार,
२७ ऑक्टोबर २००४

तीर्थस्वरूप सौ. विद्युल्लता वन्सं यांच्या सेवेशी,

सुनेत्राचा वाकून नमस्कार. ती. भावोजींनाही सांगावा, आणि त्यांच्या खोकल्याचं सविस्तर कळवावं. मागच्या पत्रात तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीत आणि लोणच्याला दोन पानं. धरमपुरीच्या घाटाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नसतील तर नर्मदामाईला वरूनच हात जोडावेत, ती रागावायची नाही. इकडे मी ठीक, अक्षदा ठीक. तुमचे भाऊही ठीक आहेत, असं आता मी लिहू शकते. गेला महिनाभर लिहू शकत नव्हते, कारण ते ठीक आहेत की नाहीत हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

तुमच्या भावजयीनं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी देवासला भर सभागृहात पत्ते कुटले आणि नवऱ्याच्या नावानं आरोळी ठोकली, ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली असेलच. नसेल तर एक-दोन दिवसांत तिखटमीठ लावून पोहोचेल. म्हणून म्हटलं, आधी आपणच लिहावं. बातमी खरी आहे. पण तिच्यामागे काय होतं ते फक्त मलाच ठाऊक आहे, आणि ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आपल्याकडे गौरी जेवल्या त्या दिवशी अभिषेकची आई देवासहून आली होती. (आता लवकरच विहीणबाई म्हणायचं, म्हणून आतापासूनच म्हणते.) अक्षदा-अभिषेकचं लग्न मार्गशीर्षात हे ठरलेलंच होतं, पण कुठे, हा प्रश्न होता. विहीणबाई म्हणाल्या, देवासला आमच्या मराठी मंडळाचा हॉल मोकळा आहे. मी पुरणपोळीवर तूप वाढत होते. एका हातात तुपाचं भांडं असताना माणूस फार विचार करून बोलत नाही. मी म्हटलं, करा की देवासला, यांना काय विचारायचं, हे नाही म्हणायचे नाहीत. तुमचे भाऊ समोरच जेवत होते. त्यांनी पोळी संपवली (तूप टाकलं नाही, हे मुद्दाम सांगते), हात धुतले, आणि दारात उभे राहून म्हणाले, बरोबर आहे, मला काय विचारायचं. ते शेवटचं वाक्य. त्यानंतर अबोला.

तुम्ही म्हणाल, तो लहानपणापासून कमीच बोलतो. मान्य आहे. तीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवून आलेला माणूस घरी कमी बोलतो, त्याची मला सवय होती. पण कमी बोलणं वेगळं आणि न बोलणं वेगळं. चहात साखर कमी पडली तर ते भिंतीवरच्या कालनिर्णयाला सांगायचे. भाजी आणायची असली की मी फ्रीजकडे बघून बोलायची. दसऱ्याला सोनं द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपट्याची पानं मिक्सरच्या झाकणावर ठेवली आणि बाहेर निघून गेले. मी पण हट्टानं त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते असं समजू नका. मला भीती वाटत होती, वन्सं. कन्यादानाला आम्ही दोघं पाटावर शेजारी बसणार, मी झारीनं धार धरणार, आणि एकमेकांकडे बघणारसुद्धा नाही? बरं, तेवढं चारचौघांत कसंतरी निभावलं असतं. पण अक्षदा सासरी गेल्यावर निरोप पोहोचवायलाही घरात कोणी उरणार नाही. मग दोन खोल्यांत दोन म्हातारी माणसं आणि मध्ये कालनिर्णय. ती घरातून जायच्या आत हा अबोला मिटायला हवा, एवढं एकच मला हवं होतं. आणि आपण होऊन बोलायला मी तयार नव्हते, हेही खरं.

आता पत्त्यांचं. हे आपले बावन्न पानांचे नव्हेत. 'मुलूखगिरी' म्हणून एक खेळ निघालाय. दुकानात बंद पाकीट मिळतं, त्यात पाच पत्ते असतात आणि कोणते ते फोडल्याशिवाय कळत नाही. कोणावर सरदार, कोणावर किल्ला, कोणावर घोडदळ. (सरदार सगळे कल्पित आहेत, पाकिटावर बारीक अक्षरात तसं छापलंय.) जमवलेल्यातून चाळीस निवडून प्रत्येकानं आपली फौज बांधायची, जास्तीचे अदलाबदल करायचे, आणि समोरच्याचे तीन किल्ले घेतले की जिंकलं. अक्षदाच्या पीथमपूरच्या कंपनीच्या शिफ्ट बसमध्ये निम्मी बस हा खेळ खेळते. तिला एक किल्ला हवा होता, अभिषेककडे तो जास्तीचा होता, तिथून या सोयरिकीला सुरुवात झाली. हे मी तुम्हाला पूर्वी सांगितलं नव्हतं. पूर्वी सांगितलेलं 'मध्यस्थांकडून स्थळ आलं' विसरून जावं.

अबोल्यामुळे माझ्या संध्याकाळी रिकाम्या पडल्या, म्हणून मी अक्षदाबरोबर खेळू लागले आणि, स्वतःच्या तोंडानं सांगते, बरी खेळू लागले. अडचण एकच. अक्षदाच्या फौजेतला सगळ्यात जबर सरदार जो आहे, त्याचं नाव आणि तुमच्या भावाचं नाव एकच. आणि खेळाचा नियम असा की सरदार मैदानात उतरवताना त्याचं नाव खणखणीत घ्यायचं, नाहीतर पत्ता बाद. सासूबाईंच्या वळणात वाढलेली मी. तीस वर्षांत मंगळागौर आणि डोहाळजेवणाखेरीज नाव तोंडात आलं नाही. घरी मी 'अक्षदाचे बाबा' म्हणून तो पत्ता उतरवायची आणि ती पोरगी चालवून घ्यायची.

दसऱ्यानंतरच्या रविवारी देवासच्या मंडळानं या खेळाची स्पर्धा ठेवली. अक्षदानं नाव दिलं होतं आणि तिच्या फौजेतल्या चाळीस पत्त्यांची यादीही मंडळाकडे गेली होती. त्यात आता बदल चालत नाही म्हणे. नेमकी त्याच दिवशी तिला ड्युटी लागली. अभिषेकचा फोन आला, आंटी, आप आ जाओ ना, धारकडून कोणीतरी पाहिजे. मी तयार झाले. सकाळी फाटक उघडते तर तुमचे भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आधीच रस्त्यावर उभे. स्टँडवर त्यांनीच दोन तिकिटं काढली, एक माझ्या पर्सवर ठेवलं आणि दोन रांगा पुढे जाऊन बसले. इंदूरला बस बदलली तेव्हाही तसंच. मला वाटलं, देवासला पोहोचून हे व्याह्यांच्या ओसरीवर बसतील. पण ते सरळ हॉलमध्ये आले, शेवटच्या रांगेत बसले आणि तोंडासमोर पेपर धरला.

पंच म्हणून मोरोपंत होते. कोर्टात नाझर होते, तिथून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी सगळे नियम उभं राहून वाचले. पैकी दोन लक्षात ठेवा: सरदाराचं नाव छापलंय तसंच आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं घ्यायचं, आणि प्रेक्षकांतलं कोणी खेळाडूशी बोललं तर त्या खेळाडूचा डाव गेला. पहिल्याच फेरीत माझ्या हाती तो पत्ता आला. मी 'अक्षदाचे बाबा' म्हटलं. मोरोपंत म्हणाले, अशा नावाचा सरदार नाही. मग मी म्हटलं, उखाण्यात घेते, आणि 'नर्मदेच्या पाण्यात सोडला दिवा' इथपर्यंत आलेही, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. छापलंय तेवढंच, काव्य नको. पत्ता बाद झाला. त्या पत्त्यावाचूनच मी ती फेरी जिंकले आणि पुढच्याही दोन. मागून कॉलेजची मुलं ओरडत होती, अरे भिया, आंटी तो आज सबको निपटा देगी!

शेवटच्या फेरीत समोर कोण, तर विहीणबाई. मुलाबरोबर खेळून खेळून तरबेज झालेल्या. मुलीकडच्यांनी अशा वेळी समजून घ्यावं आणि हरावं, असं हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. दोन किल्ले त्यांनी घेतले, दोन मी घेतले. माझी पाळी होती. त्यांचा शेवटचा किल्ला तो एकच सरदार घेऊ शकत होता, नाव घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मी मागे पाहिलं. पेपर जागचा हलला नव्हता. मी पत्ता टेबलावर ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले:

"सरदार उदाजीराव!"

(लिहितानाही हात अडखळला. पण ओरडून झाल्यावर लिहायला काय हरकत.)

आणि शेवटच्या रांगेतून, पेपरामागून, आवाज आला, "ओ." मग पेपर खाली आला, ते उभे राहिले आणि म्हणाले, "काय गं?"

वन्सं, महिनाभरानंतर 'काय गं' ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मोरोपंतांनी शिट्टी वाजवली. प्रेक्षक खेळाडूशी बोलला, डाव गेला. अभिषेक धावत आला, काका, ये तो गलत है, अंकलनी गेमबद्दल काही बोललंच नाही ना! मोरोपंतांनी त्याला नियम पुन्हा वाचून दाखवला. मग तुमचे भाऊ स्वतः टेबलापाशी आले आणि शाळेत वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "पहले आप ये बताइए साहब, बायकोनं हाक मारली तर नवऱ्यानं ओ द्यायची नाही, हा कुठला नियम?" (हे कोण म्हणतंय ते पाहा.) पाऊण तास वाद चालला. ते बोलत होते, हातवारे करत होते, मध्ये मध्ये माझ्याकडे वळून 'हो की नाही गं?' विचारत होते, आणि मी हो म्हणत होते. निकाल मात्र बदलला नाही. बक्षिसाची ढाल विहीणबाईंना मिळाली.

विहीणबाई मनानं चांगल्या आहेत. असं जिंकल्याचं त्यांना ओशाळं झालं. चहाच्या वेळी त्या मुद्दाम यांच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, भाऊसाहेब, त्या दिवशी आम्ही तुम्हाला विचारलंच नाही, आता विचारते, लग्न कुठे करायचं? तुमच्या भावानं कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "देवासलाच. मी कुठे नाही म्हणतोय?" मी बशीत पाहत राहिले. तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात कठीण खेळी होती.

परतीच्या बसमध्ये ते शेजारी बसले. खिडकीची जागा मला दिली. अक्षदाला त्याच दिवशी सगळं समजलं, ती थोडी रडली आणि मग तिनं ढाल गेल्याबद्दल आम्हा दोघांना बोल लावला. कन्यादानाची काळजी आता उरली नाही. तुम्ही दोघं आठ दिवस आधी या, केळवणं तुमच्या हातचीच व्हायची आहेत. घरातल्या थोरांना माझा नमस्कार आणि धाकट्यांच्या पाठीवरून हात.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुमच्या भावाला काहीतरी निमित्त काढून दहा दिवसांसाठी धरमपुरीला बोलावून घ्या. रविवारपासून ते बोलताहेत. देवास ते इंदूर मी कुठे चुकले ते सांगितलं, इंदूर ते धार मी काय करायला हवं होतं ते सांगितलं. आता पाकिटं आणून स्वतःची फौज बांधताहेत आणि प्रत्येक पत्ता मला वाचून दाखवताहेत. लग्नघरातली कामं तशीच पडली आहेत. भावोजींना ऐकायची सवय आहे, ते ऐकतील.

ता. क. २ – दहा फार होतील. चार दिवस पुरे. पाचव्या दिवशी नक्की पाठवा.

ता. क. ३ – हे फक्त तुमच्यासाठी. त्या शेवटच्या डावात माझ्या हातात आणखी एक पत्ता होता. सरदार रघुजी. तितकाच जबर, तोही तो किल्ला घेऊ शकला असता, आणि ते नाव घ्यायला मला काहीच अडचण नव्हती. डाव मोडल्यावर मी तो हळूच गड्डीत सरकवला. मोरोपंतांना कळलं नाही, विहीणबाईंनाही नाही. तुमच्या भावाला तर मुळीच सांगू नका. त्यांच्यावाचून माझं अडलं होतं असं त्यांना वाटतंय, आणि ते खरं आहे.