दोन पिवळी पिसं

४ जानेवारी

ती आली! थेट मामाच्या दुकानात. मामा दाढ काढायला गेलेला, म्हणजे दुकानात मी आणि ऐंशी पक्षी. मी कॉलेज सोडलं त्यानंतर पाच महिन्यांनी तोंड बघितलं तिचं. "बाबा अंथरुणाला खिळलेत रे. पडल्यापडल्या बघायला काहीतरी हवं. कॉकॅटीलची जोडी दे. पण खरी जोडी हं! त्यांना पिल्लं बघायचीत."

दुकानातली कॉकॅटीलं, म्हणजे तुरेवाले छोटे पोपट, दोन महिन्यांची होती, सगळी राखाडी तोंडाची. मामाचा नियम असा की पहिली पिसं झडून नवी आल्याशिवाय पायात कडी घालायची नाही. नराच्या उजव्या, मादीच्या डाव्या. मी दोन उचलले आणि कड्या घातल्या सरळ, एकाच्या उजव्या पायात, दुसऱ्याच्या डाव्या!

"एवढं कळतं तुला?" म्हणाली. त्या नजरेपायी मी हत्तीच्या पायातही कडी घातली असती.

५ जानेवारी

सुजल्या गालाने मामाची बोंबाबोंब. "गाढवा, लहानपणी नर काय नि मादी काय, सगळी आईसारखीच दिसतात! नराचं तोंड पिवळं होतं ते सहाव्या महिन्यात. तुला काय स्वप्न पडलं?" आणि वर — "कॉलेज अर्धवट, आता पक्षीसुद्धा अर्धवट!"

दाण्यांचा डबा आपटला मी. मग दाणे मीच वेचले.

२२ फेब्रुवारी

दर रविवारी तिच्या घरी जातो. नखं कापायला! नखं कुठे एवढी वाढतात? पण ती चहा करते. काकांचं, म्हणजे तिच्या बाबांचं, अर्धं अंग गेलंय, शब्द अर्धे तुटतात, पण डोळे दिवसभर पिंजऱ्यावर. डाव्या कडीवालीला 'बाईसाहेब' म्हणतात. "अंडी... बघूनच... जाणार." ती ओरडली, "कुठे जाणार? गप्प पडा!"

दोघं हसली. मीही हसलो.

५ एप्रिल

बाईसाहेब शीळ घालतात! मस्त, लांबलचक. माद्या घालत नाहीत.

एखादी घालत असेल.

३ मे

बाईसाहेबांच्या तोंडावर दोन पिवळी पिसं. चोचीच्या मागे, पिनेएवढी. उजव्या कडीवाल्याला तर आधीच आलीत. म्हणजे दोन्ही नर!

मामा म्हणाला, "जा, सांग. दोन मिनिटांचं काम." त्याचं काय जातंय! तिला जगात माझी एकच गोष्ट पटलीय, की मला पक्ष्यांतलं कळतं.

१० मे

केलं. ती औषधं आणायला गेली — "बसशील ना बाबांजवळ?" काका झोपलेले. खोक्यातून खरी मादी नेली होती, वयाने मोठी, पण तोंड तसंच राखाडी. डाव्या पायात तशीच निळी कडी. बाईसाहेब खोक्यात. मिनिटभरात झालं.

आल्यावर तिने चहा केला. प्यायलो.

१२ मे

बाईसाहेब विकले गेले. मामाने, मी जेवायला गेलो तेवढ्यात. बाहेरगावचं गिऱ्हाईक. आता परत ठेवायचे म्हटलं तरी नाहीत.

१७ मे

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ही... आमची नव्हे. दोन पिवळी पिसं होती. शीळ घालायची."

मी नखं कापत राहिलो.

बाहेर ती जिन्यात रडत होती. "आठवडाभर हेच चाललंय. पिवळी पिसं, पिवळी पिसं! बाबांना नसलेलं दिसायला लागलंय रे. डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर परिणाम होतोय. झोपेची गोळी वाढवलीय." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तिने.

वर्षभर ज्याची वाट बघितली ते हे असं मिळालं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला! सांगितलं नाही!! हरामखोर मी.

१८ मे

जेवलो नाही. मामाने ताट झाकून ठेवलं.

२४ मे

सांगितलं. दारातच, सगळं, एका दमात. वाटलं थोबाडीत मारेल. तिने नुसतं बाजूला होऊन आतली खोली दाखवली — "त्यांना सांग."

काकांच्या उशाशी बसून पुन्हा सांगितलं. तुमचं बरोबर होतं काका, पिसं होती, मी बदलली तिला. ते गोळीच्या गुंगीतून माझ्याकडे वळले. मग चांगल्या हाताने माझा हात थोपटला.

"नाही रे बाळा. हीच... आमची. माझंच डोकं... हल्ली ठिकाणावर नसतं."